पिनेपासून एक वीत

चौथ्या मजल्यावरचा मुलगा ड्रिल मशीन परत द्यायला आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालावर फेस तसाच ठेवून दार उघडलं. मशीन त्याने पुसून आणलं होतं. वायरीची नीट गुंडाळी, वर रबरबँड, बिटं डबीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेली आणि सोबत पाव किलो बाकरवडीचा पुडा. उसनी वस्तू परत यावी तर अशी. "काका, थँक्यू हं. पडद्याचे सगळे रॉड लागले," तो म्हणाला. "आणि चावीला ती सुतळी होती ना, सारखी मध्ये मध्ये येत होती, म्हणून कापली. चावी डबीतच ठेवलीय." मी म्हणालो, "बरं केलंस." दार लावलं, आरशासमोर येऊन दुसऱ्या गालावर रेझर फिरवायला लागलो आणि हनुवटीपाशी कापून घेतलं.

बरं कसलं केलंस?

दिवसभर ते डोक्यातून जाईना. चार बोटं सुतळी ती, कळकट, ग्रीस लागून काळी पडलेली. गेली पंधरा-सोळा वर्षं मी स्वतः तिला शिव्या घालत आलोय. आणि आता कोणीतरी कात्री लावली तर जानवं तुटल्यासारखं वाटायचं कारण काय? चूक त्या मुलाची म्हणावी तर तेही नाही. त्याला ती अडगळ वाटली, आणि ती अडगळच होती. माझाच राग मला कळेना. बाकरवडी मात्र दुपारच्या चहाला संपवली.

चक म्हणजे मशीनचं बिट धरणारं तोंड, आणि चकची चावी म्हणजे बोटाएवढी, टी आकाराची, टोकाला दातेरी मुंडकं असलेली वस्तू. चकच्या भोकात घालून पिळली की आतले तीन जबडे बिटाला धरतात किंवा सोडतात. हरवायची असेल तर ही चावीच पहिली हरवते, म्हणून सगळेच ती वायरीला कुठेतरी बांधून टाकतात. बहुतेकजण बांधतात मुठीजवळ, हाताशी राहावी म्हणून. आमची पार दुसऱ्या टोकाला होती. पिनेपासून एक वीत अंतरावर वायरीला करकचून गाठ आणि पुढे चार बोटं मोकळी सुतळी. म्हणजे बिट बदलायचं झालं की आधी बोर्डापर्यंत जायचं, पिन उपसायची, ती मशीनपाशी ओढत आणायची, मग चावी लावायची. स्टुलावर चढलेले असलात तर आधी खाली उतरायचं. बिट घट्ट केलं की परत चावी काढायची, परत पिन लावायला जायचं. सहाच्या बिटाने सुरुवात करून आठचं लावायचं असेल तर ही सगळी यात्रा दोनदा. मी कितीदा ठरवलं होतं की आज ही सुतळी सोडून मुठीला बांधायची. गाठ सुटली नाही, आणि कात्री आणायचा कंटाळा केला.

हे मशीन घेतलं २००९ साली, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. तेरा एमएमचं चक, हॅमरवालं. माझे वडील, अण्णा, सोबत होते. चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे दुकानदाराचं काही चालेना. त्याने मशीन लावून घर्रर्र करून दाखवलं. अण्णांनी ते त्याच्या हातातून घेतलं, आधी पिन काढली आणि चक नुसतं हाताने फिरवत कान लावून बसले. बेअरिंग ऐकत होते. मग एक लांब बिट लावून, हाताने हळू फिरवत, बिटाचं टोक जागच्या जागी फिरतंय की गोल मारतंय ते एक डोळा मिटून बघितलं. दोन मशीनं परत केली. तिसरं पसंत पडलं, आणि मग त्यांचं लक्ष पिनेकडे गेलं.

"ह्याचा तिसरा पाय कुठाय?"

पिन दोन पायांची होती. दुकानदाराने मशीनच्या अंगावरच्या पट्टीवरचं चिन्ह दाखवलं, चौकोनात चौकोन. आत एक इन्सुलेशन, त्याबाहेर दुसरं. एकाने दगा दिला तरी दुसरं आहे, म्हणून या मशीनला अर्थिंगची तारच नसते. अण्णांनी चष्मा कपाळावर सारून ते चिन्ह बघितलं, पण मन भरलं नाही. घरी जुनं मशीन होतं त्याचं अंग ॲल्युमिनियमचं. आत कुठे तार सुटून अंगाला टेकली, तर तो तिसरा पायच माणूस आणि करंट यांच्या मध्ये उभा. त्या पायावर आयुष्यभर विश्वास टाकलेल्या माणसाला प्लॅस्टिकवर विश्वास टाक म्हणणं सोपं नव्हतं. परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि चिंचवड येईपर्यंत अधूनमधून "दोनच पाय" एवढंच म्हणत होते. घरी आल्यावर भिंतीला एकही भोक पाडायच्या आधी त्यांनी कपाटावरून सुतळीचा गुंडा काढला, वीत टाकली आणि चावी बांधली. मला वाटलं, हरवू नये म्हणून.

ते जुनं मशीन मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आलं होतं, मी शाळेत जायच्याही आधी. आमची चाळीतली दोन खोल्यांची जागा, आणि आख्ख्या चाळीत ड्रिल फक्त आमच्याकडे, त्यामुळे रविवारी सकाळी अण्णा म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. कुणाची फळी, कुणाचं घड्याळ, कुणाच्या लग्नात आलेली भिंतीवरची मोठी फ्रेम. अण्णा हातात मशीन घेऊन पुढे, मी बिटांचा डबा घेऊन मागे. माझं काम ठरलेलं होतं, बटणावर. त्या मशीनचा घोडा दाबला की बाजूचं एक लहानसं बटण आत सारून तो दाबलेलाच अडकवून ठेवता यायचा. मग सतत बोट दाबून बसायला नको. अण्णा तो अडकवून टाकायचे, दोन्ही हातांनी मशीन भिंतीला लावायचे आणि म्हणायचे, "हं, चालू कर." मी बोर्डावरचं काळं बटण खाली करायचो. "बंद कर" म्हणाले की वर. सहा वर्षांच्या पोराच्या हातात एवढी सत्ता दुसरीकडे कुठे मिळणार? मी बटणावरून बोट हलवायचो नाही, नाकावर माशी बसली तरी.

त्या सकाळींचा वास अजून नाकात आहे. विटेच्या भिंतीला भोक पाडलं की आधी चुन्याची पांढरी भुकटी यायची आणि मग एकदम लाल. आई कामाच्या जागेखाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवून ठेवायची, उघडं तोंड वर करून. भुकटी सरळ पाकिटात. आजही मी हेच करतो, आणि व्हॅक्यूम क्लीनर धरून उभ्या राहणाऱ्या लोकांकडे जरा तुच्छतेने बघतो. भुकटीबरोबर मशीनचा स्वतःचा वास असायचा. तापलेल्या ग्रीसचा, आणि त्याखाली एक आंबट, विजेसारखा, पाऊस यायच्या आधी येतो तसला. मागच्या फटींमधून आत निळसर ठिणग्या नाचताना दिसायच्या. मला वाटायचं आत दिवाळी चाललीय.

ती दिवाळी म्हणजे कार्बन. दोन बाजूंना दोन, खडूच्या तुकड्याएवढे काळे चौकोनी ठोकळे, मागे स्प्रिंग. फिरणाऱ्या आर्मेचरच्या तांब्याला ते घासत राहतात आणि वीज आत पोचवतात. घासून घासून झिजतात. थोड्या ठिणग्या असायच्याच. पण ठिणगीचा गोल व्हायला लागला, मशीन मध्येच दम टाकायला लागलं, हलवल्यावर परत चालू व्हायला लागलं, की समजायचं कार्बन संपले. माझ्या मशीनचे आजवर दोनदा बदलले. दोन्ही वेळी तपकीर गल्लीत गेलो, जुना तुकडा कागदात बांधून, कारण माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी तो खोबणीत अडकून बसतो. पहिल्या वेळी मी शहाणपणाने एकच मागितला, एकच जास्त झिजला होता म्हणून. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे एका पायातच चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि दोन ठेवले. "बसवल्यावर पाचेक मिनिटं रिकामंच फिरवा. त्याला तांब्याची गोलाई घेऊ द्या." नवा कार्बन सपाट असतो, तांबं गोल. एकमेकांना घासून ते एकमेकांच्या आकाराचे होतात, आणि मग ठिणग्या कमी होतात. घरी येऊन बाल्कनीत मशीन रिकामं फिरवत बसलो होतो, दुपारी तीन वाजता. सोसायटीत दोन ते चार ड्रिलला बंदी आहे हे मला सेक्रेटरींनी स्वतः वर येऊन सांगितलं.

अशीच मोटर मिक्सरमध्ये असते, तशीच तिची तऱ्हाही. रिकामी असताना बेफाम पळते, अडकली की दुप्पट-तिप्पट करंट ओढते. अडकलेलं बिट जोर लावून रेटत राहिलात तर आतली तार तापते, तारेवरचं वार्निश जळायला लागतं, आणि गोडसर, घशाला लागणारा एक वास येतो. तो वास आला की कामाला रामराम करायचा. थंड करायचं तर मशीन बंद करून ठेवण्यापेक्षा बिट बाहेर काढून मिनिटभर रिकामं पळवलेलं बरं, कारण पंखा त्याच दांड्यावर असतो. मोटर पळाली तरच वारा. हे मला वाइंडिंगवाल्याने सांगितलं, नऊशे रुपये घेतल्यावर. आणि एक्स्टेंशनच्या चकरीवरची सगळी वायर सोडायची. मी पाच हात सोडून बाकीची गुंडाळलेलीच ठेवायचो. गुंडाळलेल्या वायरीला उष्णता टाकायला जागा मिळत नाही. एका मे महिन्यात गच्चीवरचं काम झाल्यावर चकरी उचलली, तर आतले वेढे रोट्यांच्या चवडीसारखे गरम आणि मऊ झालेले.

ही हातात धरायची मशीनं आली कशी, याबद्दल एकदा वाचलं होतं. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरायचं इलेक्ट्रिक ड्रिल केलं. हातात धरायचं म्हणजे छातीने रेटायचं, चांगलं जडशीळ धूड. आज आपण ज्याला ड्रिल म्हणतो तो पिस्तुलाचा आकार अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरचा. मूठ आणि बोटाखाली घोडा, याचं पेटंट त्यांना १९१७ साली मिळालं. मला गंमत वाटते ती याची की, दिवाणखान्यात घड्याळ टांगायला निघालेला कुठलाही गृहस्थ ड्रिल हातात आलं की एकदा तरी ते हवेत रोखून घर्रर्र करतोच. मीही करतो. चौथ्या मजल्यावरच्या मुलानेही मशीन नेताना माझ्या दारातच पिनेशिवाय रोखून बघितलं होतं, आणि तेव्हा मला तो फार आवडला होता.

आता सुतळीची एवढी बाजू घेतोय म्हणून मी काही फार सांभाळून वागणारा माणूस आहे असं नाही. माझी पापं मला ठाऊक आहेत. दिवाळीत आकाशकंदिलासाठी बाल्कनीच्या बीममध्ये हूक बसवायचा होता. प्लॅस्टिकचं स्टूल, पायात स्लिपर, मशीनचा बाजूचा दांडा डबीतच, कारण एका भोकासाठी कोण लावत बसणार. बिट दोन इंच आत गेलं आणि बीममधल्या सळईला भिडलं. बिट थांबलं. मोटर थांबली नाही. बिट फिरत नाही म्हटल्यावर मशीन फिरलं, आणि मशीन माझ्या मनगटाला धरून होतं. स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे, कंदील शेजाऱ्यांच्या तुळशीत. तो बाजूचा दांडा त्यासाठीच असतो, दुसऱ्या हाताला तो पीळ अडवता यावा म्हणून. पुढचे तीन आठवडे मी डाव्या हाताने वरणभात खाल्ला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "बॅडमिंटन" असं सांगितलं.

हातमोजे घालूनही एकदा बसलो होतो, तेही सुरक्षेच्या नावाखाली, लोखंडी पट्टीला भोकं पाडायला. अण्णा आत आले, काही न बोलता माझ्या हातातले मोजे ओढून काढले आणि गेले. नंतर जेवताना म्हणाले, "फिरत्या मशीनला चामडं, कापूस, केस काही कळत नाही. एक धागा मिळाला की ते बाकीचं ओढून घेतं." कारखान्यात त्यांनी काय पाहिलं होतं ते कधी सांगितलं नाही. आईचा पदर मात्र मशीन चालू असताना नेहमी कमरेला खोचलेला असायचा. डोळ्याला चष्मा, नाकाला रुमाल, बाही दुमडलेली, हात उघडे. पत्र्याचा तुकडा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात पकडायचा, कारण बिट आरपार जातानाच्या शेवटच्या क्षणी पत्रा पकडतं आणि मग पंख्याच्या पात्यासारखं फिरवतं. तिथे दाब सोडायचा. हे त्यांनी मला शिकवलं नाही, शंभर वेळा शेजारी उभं राहून ते माझ्यात उतरलं. मला शब्दांत मांडता येतंय ते आत्ता, लिहिताना.

मागच्या वर्षी आमच्याकडे पाण्याचा फिल्टर बसवायला एकजण आला होता. विशीतला, भराभर काम करणारा, कानात गाणी. त्याच्या मशीनच्या वायरीला पिनच नव्हती. सोललेली दोन टोकं त्याने सॉकेटमध्ये खुपसली आणि खिशातून दोन काड्यापेटीतल्या काड्या काढून पाचरीसारख्या दाबल्या. मी बघत उभा. त्याला म्हणावंसं वाटलं, माझ्याकडे पिन आहे, दहा मिनिटांत लावून देतो. पण त्याला पुढे आणखी चार घरं होती आणि तो मला "अंकल, पाणी मिळेल?" असं इतक्या थकल्या आवाजात म्हणाला की मी पाणी आणायला गेलो. तोवर भोकं झालीसुद्धा. त्याच आठवड्यात मी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा खटका, बसवून घेतला. जुना पंधरा वॅटचा झिरोचा दिवा साधारण ६५ मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे एक झिरोचा दिवा मिणमिणायला लागते त्याच्या निम्मी वीजही माणसाच्या अंगातून जमिनीकडे निघाली तर तो खटका पडतो. माझं घर सुरक्षित झालं. तो मुलगा त्या काड्या खिशात घालून पुढच्या घरी गेला होता.

तर त्या संध्याकाळी, बाकरवडी संपल्यावर, मी मशीन काढलं आणि कापलेल्या सुतळीचं उरलेलं टोक बघत बसलो. गाठ अजून वायरीवर होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी नीट विचार केला की ती तिथेच का. मुठीपाशी का नाही. मग उठून हॉलच्या बोर्डात पिन लावली, आणि चावी धाग्याने गाठीला बांधून बघितली. पिन लावलेली असताना चावी चकपर्यंत पोचत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. मशीन उचलून थेट बोर्डापाशी नेलं, भिंतीला नाक लावून उभं राहिलं, तर पोचते. पण तसं कोण करील? अण्णांनी केवढा विचार केला होता, या कल्पनेने मला भरून वगैरे आलं. म्हटलं, आत्ताच फोन करावा.

अण्णा एक्क्याऐंशीचे आहेत. फोन स्पीकरवर असतो, टीव्हीही चालू असतो.

"अण्णा, ड्रिलची चावी तुम्ही पिनेजवळ का बांधायचात?"

"कुठली चावी?"

"चकची. सुतळीने."

बातम्यांचा आवाज. मग, "मी नाही बांधली. हिनं बांधलेली जुन्या मशीनला. मी आपलं पुढं चालवलं."

मागून आई. "काय म्हणतोय?"

"चावी म्हणतोय. मशीनची."

"मग सांगा की त्याला. आता काय झालंय सांगायला? द्या इकडे."

आणि मग तिने सांगितलं, मेथी निवडता निवडता, मधूनच "अहो, आवाज कमी करा" म्हणत. आमच्याच घरी, मोरीवरच्या फळीचं काम चाललं होतं. अण्णा बिट बदलत होते. बोर्डाचं बटण बंद, म्हणून निर्धास्त. मशीनचा घोडा मात्र अडकवलेलाच राहिला होता, चावी चकमध्ये. मी माझ्या जागेवर, बटणावर बोट ठेवून. आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलाला रेडिओसाठी ओरडून सांगितलं, "अरे, चालू कर!"

मी चालू केलं.

चावी अण्णांची मूठ सोलून निघाली आणि आई व अण्णा यांच्या मधून जाऊन कपाटाच्या आरशावर आदळली. "तू साडेसहा वर्षांचा. आम्ही काही बोलायच्या आतच एवढं मोठं भोकाड पसरलंस की गप्पच बसलो. दोन दिवसांनी विसरलास. मग कशाला आठवण करून द्यायची?" दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर तिने मशीन खाली काढलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. पिन लावून, मशीन घेऊन खोलीभर फिरली, कुठून कुठपर्यंत काय पोचतं ते बघितलं, आणि वीत टाकून गाठ मारली. मी म्हणालो, "पण मशीन बोर्डापाशी नेलं तर पोचते ग." ती म्हणाली, "नेलं तर नेलं. बोर्डापाशी उभं राहिलं की बटणावरचं पोरगं तरी दिसेल ना?"

मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लाज वाटली म्हणावं तर सहा वर्षांच्या पोराने हुकूम पाळला होता. मोठी होत गेलेली प्रत्येक आठवण मी त्या बटणापाशी अभिमानाने उभी केली होती, आणि ही एवढी एक कुठे गेली? आरशाचा तो तडा मला आठवतो. खालच्या कोपऱ्यात, तांदळाएवढा टवका आणि त्यातून निघालेल्या दोन केसांएवढ्या रेघा. जागा बदलताना टेम्पोत गेलेला, असंच मला माहीत होतं. त्या टवक्यावर आईची मरून टिकली लावलेली असायची. आरशाला टिकल्या सगळ्याच बायका लावतात, म्हणून मी कधी विचारलं नाही.

"ती टिकली आहे का अजून?"

"तीच कशी राहील?" आई म्हणाली. "गोंद सुटला की दुसरी लावते. मेथी न्यायला येतोस का उद्या?"

सुतळी घरात नव्हती. वाण्याकडे पुड्या बांधायची सुतळीही आता मिळत नाही, सगळीकडे प्लॅस्टिक. शेवटी माळ्यावर गणपतीच्या मखराच्या सामानात सापडली. वीत टाकली. माझी वीत आईच्या वितीपेक्षा मोठी, म्हणून करंगळी दुमडून घेतली. गाठ मारताना मध्ये दाबून धरायला दुसऱ्या कुणाचं तरी बोट लागतं, ते नव्हतं, तर दातांनी ओढली.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरचा मुलगा परत आला. बेडरूममधला एक रॉड तिरका गेला होता. मी मशीन दिलं. त्याने सुतळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि शहाणा आहे, काही बोलला नाही. मीही काही बोलणार नव्हतो. कसं सांगणार, सुरुवात कुठून करणार? तेवढ्यात त्याच्या मागून, त्याची पँट धरून, पाच-सहा वर्षांची एक मुलगी डोकावली. दोन वेण्या, समोरचा दात पडलेला.

"बाबा," ती म्हणाली, "बटण मीच चालू करणार हं."

मी दोघांना आत बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.